वाढलेले आणि पोटात गेलेले

कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात खाटेच्या पायथ्याशी लटकविलेला तक्ता उघडून पाहिला असता, शिरेवाटे दिलेल्या सलाइनची नोंद मिलिलिटरमध्ये, मूत्राची नोंद मिलिलिटरमध्ये आणि प्रतिजैविकाची मिलिग्रॅममध्ये, तीही वेळ व सहीनिशी केलेली आढळते. परंतु त्याच रुग्णाने दुपारी काय व किती खाल्ले हे त्या दप्तरात शोधू गेल्यास फार तर ‘आहार घेतला’ एवढेच हाती लागते, आणि पुष्कळदा तेही लागत नाही. आहारतज्ज्ञाच्या टेबलावर त्या रुग्णाचे आहारपत्रक असते आणि त्यात उष्मांकांचा व प्रथिनांचा हिशेब चोख मांडलेला असतो. पण तो हिशेब द्यावयाच्या अन्नाचा असतो. भटारखान्यातून ताटांची गाडी निघाल्यापासून उष्टी ताटे परत जाईपर्यंतच्या मधल्या काळात काय घडले, याचा जबाब देण्यास परिचारिका आणि आहारतज्ज्ञ या दोघींपैकी कोणीच बांधलेली नसते. परिचर्या व पोषणशास्त्र या दोन्ही शाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्या प्रबंधासाठी विषय निवडताना या बेवारस काळाकडे वळून पाहावे, अशी विनंती करण्यासाठी हे संपादकीय लिहीत आहोत.

ही उणीव आजची नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली वाचकांच्या हाती आलेल्या आपल्या परिचर्याविषयक पुस्तकात अन्न या विषयास दोन स्वतंत्र प्रकरणे दिली. त्यांपैकी एक कोणते अन्न द्यावे याविषयी आहे, आणि त्याच्या आधीचे दुसरे ते केव्हा व कसे द्यावे याविषयी. रुग्णाने न शिवलेले अन्न, तो मागाहून खाईल या आशेवर एका जेवणापासून दुसऱ्या जेवणापर्यंत त्याच्या उशाशी तसेच ठेवून देण्याच्या रिवाजावर त्यांनी जे कोरडे ओढले आहेत, ते आजच्या कक्षांतही कोणास लागू पडणार नाहीत असे म्हणवत नाही. त्यानंतर शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, १९७४ मध्ये, चार्ल्स बटरवर्थ या अमेरिकी वैद्याने रुग्णालयातच निर्माण होणाऱ्या कुपोषणाची कारणे मांडली. दाखल होताना उंची व वजन न नोंदविणे, दिवसामागून दिवस केवळ ग्लुकोज-सलाइनवर ठेवणे, तपासण्यांसाठी जेवणे चुकविणे, ही त्यांतील काही. १९९४ साली स्कॉटलंडमधील डंडी येथे दाखल झालेल्या ५०० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतील २०० जण दाखल होतानाच अपुष्ट होते, आणि या २०० पैकी केवळ ९६ जणांच्या कागदपत्रांत पोषणाविषयी काही ना काही नोंद सापडली. सधन देशातील, सुसज्ज रुग्णालयातील ही अवस्था. आपल्याकडील कक्षांची कल्पना वाचकांनी आपापल्या अनुभवावरून करावी.

दोन्ही विद्यांचा आपल्याकडील वंशवृक्ष पाहिला म्हणजे त्यांच्यातील हे अंतर कसे पडले हे ध्यानात येते. पोषणशास्त्र आपल्याकडे आले ते प्रयोगशाळेच्या दारातून. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे बेरीबेरीच्या चौकशीसाठी जे छोटेसे केंद्र उघडले, त्याचीच पुढे १९५८ मध्ये हैदराबादेस स्थलांतरित झालेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था झाली; ज्यांचे नाव घेताना मराठी वाचकाची मान ताठ व्हावी त्या डॉ. कमला सोहोनी कुन्नूरच्या याच प्रयोगशाळेत काही काळ कार्यरत होत्या, आणि नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी कडधान्ये व नीरा यांवर संशोधन केले. या परंपरेला गृहविज्ञान महाविद्यालयांची जोड मिळाली आणि आहारतज्ज्ञांच्या पिढ्या घडल्या. परिचर्या मात्र आली ती रुग्णालयाच्या शिस्तीतून. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनाने विधवांना व गरजू मुलींना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेण्यास धाडले, तेव्हा समाजाचा रोष पत्करूनच ते करावे लागले. विद्यापीठाची पदवी परिचर्येला मिळाली ती १९४६ मध्ये, दिल्ली व वेल्लोर येथे. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये स्थापन झाले. त्याच विद्यापीठात गृहविज्ञानही शिकविले जात होते. एका विद्यापीठाच्या छत्राखाली नांदूनही या दोन विद्यांची ओळख नमस्कारापुरतीच राहिली, हे आपल्या शिक्षणव्यवस्थेच्या स्वभावास धरूनच झाले.

आज परिचर्येच्या पदवी अभ्यासक्रमात पोषण हा विषय पहिल्याच वर्षी, सुमारे ६० तासांत उरकला जातो. ज्या वयात विद्यार्थिनीने अजून रुग्ण धड पाहिलेला नसतो त्या वयात. पुढे किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव घेऊन ती पदव्युत्तर वर्गात येते, तेव्हा तिच्यापुढे वैद्यकीय-शल्य, बाल, स्त्रीरोग व प्रसूती, सामुदायिक आरोग्य आणि मानसिक आरोग्य अशी विशेषज्ञतेची दालने उघडी असतात. पोषणाचे स्वतंत्र दालन त्यांत नाही. उलट पोषणशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी अमिनो आम्लांपासून यकृताच्या चयापचयापर्यंत सर्व काही जाणते, पण तिची रुग्णालयातली उमेदवारी बहुधा दिवसपाळीची असते, आणि रात्री अडीच वाजता नळीवाटे द्यावयाचे फीड का चुकले हे तिला दुसऱ्या दिवशीही कळत नाही. एकीला रुग्णाची रात्र ठाऊक आहे, दुसरीला त्याच्या अन्नाचा हिशेब. दोघींचे ज्ञान एका कागदावर उतरेल अशी तजवीज मात्र कोणत्याही अभ्यासक्रमात केलेली नाही.

प्रबंधांच्या शीर्षकांवरून नुसती नजर फिरविली तरी याचा प्रत्यय येतो. परिचर्येच्या बाजूस एक साचा इतका रुळला आहे की शीर्षकाचा पूर्वार्ध वाचताच उत्तरार्ध सांगता यावा: अमुक विषयावरील नियोजित शिक्षण कार्यक्रमाचा तमुक ठिकाणच्या मातांच्या ज्ञानावर होणारा परिणाम. पूर्वचाचणी, मग व्याख्यान व भित्तिपत्रके, सातव्या दिवशी उत्तरचाचणी, आणि निष्कर्ष असा की ज्ञानात लक्षणीय वाढ झाली. ती न झाल्याचा प्रबंध अद्याप आमच्या पाहण्यात नाही. शिकविल्यावर माणसाला थोडे अधिक कळते हे सिद्ध करण्यास दोन वर्षे खर्ची घालण्याचे प्रयोजन निदान आम्हांस तरी उमगलेले नाही. पोषणशास्त्राच्या बाजूसही साचे आहेतच: महाविद्यालयीन मुलींच्या चोवीस तासांच्या आहारस्मरणावरून काढलेले लोहाचे प्रमाण, अथवा नाचणी, राजगिरा वा शेवग्याचा पाला घालून वळलेल्या लाडवांचे नऊ गुणांच्या आवडश्रेणीवर झालेले परीक्षण. लाडवांविषयी आमची तक्रार नाही. पण ज्या अशक्त रुग्णासाठी ते कल्पिलेले असतात त्याने ते किती खाल्ले, कितव्या दिवशी नकोसे म्हटले आणि चावता न आल्यामुळे किती उशाखाली दडविले, हे त्या प्रबंधात येत नाही, कारण परीक्षक असतात त्या विभागातील अध्यापिका व त्यांच्या विद्यार्थिनी.

असे काम होऊच शकत नाही म्हणावे, तर ते आपल्याच राज्यात, त्यातही मेळघाट व नंदुरबारसारख्या अवघड मुलखात रोज होत आहे. तीव्र कुपोषित बालकासाठी असलेल्या पोषण पुनर्वसन केंद्रातील कामाची रीत पाहावी. सहा महिन्यांवरील, पाच वर्षांच्या आतील ज्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरतो, किंवा ज्याच्या दोन्ही पायांवर सूज आहे, ते गुंतागुंतीसह दाखल झाले की पहिल्या दिवसांत त्याला एफ-७५ हे दूधमिश्रण, सूज फार नसल्यास, वजनाच्या दर किलोस दिवसाला १३० मिलिलिटर या प्रमाणात, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, दिले जाते. पाच किलोच्या बालकास एका वेळी सुमारे ५५ मिलिलिटर. हे मिश्रण मुद्दामच सौम्य ठेवलेले असते, कारण उपासमारीने क्षीण झालेल्या शरीरावर एकाएकी अन्नाचा भार टाकल्यास रक्तातील फॉस्फरस व पोटॅशियम घसरून प्राणावर बेतते. बालक कितीही फिकट दिसले तरी लोहही या टप्प्यात देत नाहीत, कारण त्याने संसर्ग बळावण्याचा धोका असतो. पण आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट पुढेच आहे. पेल्यात उरलेले दूध मोजले जाते, उलटीचा अंदाज घेऊन वजा केला जातो, आणि लागोपाठ दोन-तीन वेळा दिलेल्या फीडच्या ८० टक्क्यांहून कमी घेतले गेले तर नाकातून नळी घालण्याचा निर्णय होतो. म्हणजे उरलेले अन्न येथे केवळ उष्टे राहत नाही. त्यावरून उपचार बदलतो. बुडीत मजुरीच्या आधारावर बालकाजवळ राहिलेली आई, रात्रपाळीची अधिपरिचारिका आणि आहारतज्ज्ञ, तिघीही एकाच तक्त्याकडे पाहून बोलतात. जी शिस्त आपण पाच किलोच्या बालकासाठी पाळू शकतो, ती पंचेचाळीस किलोच्या क्षयरुग्णासाठी पाळता येत नाही, याचे समाधानकारक कारण आम्हांस कोणी दिलेले नाही.

प्रौढांच्या कक्षात विषयांचा तुटवडा नाही. शस्त्रक्रियेपूर्वी घन आहार सहा तास व स्वच्छ द्रव दोन तास बंद ठेवणे सामान्यतः पुरेसे, अशी भूलतज्ज्ञांची शिफारस असताना सरसकट मध्यरात्रीपासून ‘एन.बी.एम.’ लिहिलेला रुग्ण, यादी लांबल्यामुळे, प्रत्यक्षात किती तास उपाशी राहतो? इन्सुलिनची सुई आणि जेवणाची गाडी यांच्यात किती मिनिटांचे अंतर पडते, आणि रविवारी ते वाढते काय? राइल्स ट्यूबमधून द्यावयाच्या फीडपैकी सी.टी. स्कॅन, फिजिओथेरपी व नळी निसटणे यांत आठवड्याभरात किती बुडते? आणि डब्याचे काय? आपल्या रुग्णालयांतील अर्धेअधिक जेवण नातेवाइकांच्या डब्यातून येत असेल असे वाटते. त्या डब्याची आहारपत्रकास दखल नाही, तशीच एकादशीच्या साबुदाणा खिचडीची आणि रोजाचीही नाही. पथ्य सांगितले म्हणून माणूस एकादशी सोडत नाही. त्या दिवशीच्या औषधाचा व अन्नाचा मेळ कसा घालावा हे सांगणारा प्रबंध कोणी लिहिला तर तो कपाटात धूळ खात पडणार नाही.

अडचणी आम्हांस ठाऊक आहेत. आहारतज्ज्ञांचा समावेश २०२१ च्या सहबद्ध आरोग्यव्यवसायांविषयीच्या कायद्यात झाला, परिचर्येसाठी २०२३ मध्ये वेगळा कायदा झाला. व्यवसाय म्हणून दोहोंचा दर्जा त्यामुळे उंचावेल हे खरे, पण दोघींच्या सनदा, परिषदा व परीक्षक निरनिराळे राहणार, आणि एका शाखेच्या विद्यार्थिनीस दुसऱ्या शाखेतील सहमार्गदर्शक मागावयाचा झाल्यास अर्जाचा कागद कोणत्या खिडकीत द्यावा येथून सुरुवात करावी लागणार. तोवर विभागप्रमुखांनी व अधिसेविकांनी थोडी मुभा द्यावी. एक कक्ष, एक महिना, परिचर्येची एक विद्यार्थिनी व पोषणशास्त्राची एक, आणि उष्टी ताटे तोलण्यास एक साधा काटा. नीतिसमितीची मंजुरी सोडल्यास याहून अधिक सामग्री लागत नाही. कक्षातील परिसेविकेला मात्र प्रारंभापासून विश्वासात घ्यावे, कारण तिच्या हुकमाविना तेथील ताटही हलत नाही.

अशा संयुक्त प्रबंधांच्या सारांशासाठी या मासिकाची पाने खुली राहतील. निष्कर्ष लक्षणीय निघाला नाही म्हणून कोणताही सारांश परत केला जाणार नाही. फक्त किती वाढले, किती उरले आणि न खाण्याचे कारण रुग्णाने काय सांगितले, हे तीन रकाने तक्त्यात भरलेले असावेत.