तुटीला दंड, बेकारीला सल्ला

युरोपीय संघातले सत्तावीस देश एकत्र बसून रोजगाराचे धोरण ठरवतात, याचे कौतुक आपल्याकडचे अभ्यासक फार करतात. आम्ही विचारतो, ठरवतात म्हणजे नेमके काय करतात?

१९९७ च्या ॲमस्टरडॅम कराराने रोजगाराला स्वतंत्र प्रकरण दिले. त्याच वर्षी लक्झेंबर्गच्या शिखर परिषदेत कामाची पद्धत ठरली. संघाने मार्गदर्शक सूत्रे द्यायची, देशांनी अहवाल पाठवायचे, मग संघाने शिफारशी करायच्या. एखाद्या देशाने शिफारस धुडकावली तर? काहीही होत नाही. पण सरकारी तूट जीडीपीच्या ३ टक्क्यांपलीकडे गेली आणि सुधारली नाही, तर युरो वापरणाऱ्या देशाला दंड करण्याची तरतूद आहे. सावकाराच्या भीतीला कायदा आणि बेकाराच्या भुकेला सल्ला, अशी ही वाटणी आहे.

यावर उत्तर मिळते की वेतन आणि कामगार कायदे हा प्रत्येक देशाचा सार्वभौम अधिकार आहे. स्वीडन-डेन्मार्कच्या बळकट कामगार संघटनांनाही वेतनात ब्रुसेल्सची ढवळाढवळ नको असते. त्यांचे म्हणणे आम्ही समजू शकतो. पण मग २०१२ साली ग्रीसचे सार्वभौमत्व कुठे गेले होते? कर्जाच्या अटींखाली तिथले किमान वेतन २२ टक्क्यांनी कापले गेले, २५ वर्षांखालच्यांचे तर ३२ टक्क्यांनी. अटी घालणाऱ्यांत खुद्द युरोपीय आयोग होता. म्हणजे वेतन कापायला ब्रुसेल्सचा हात पोहोचतो, वाढवायची वेळ आली की तो आखूड पडतो!

२०१३ मध्ये ग्रीस आणि स्पेनच्या श्रमबाजारातले निम्म्याहून अधिक तरुण बेकार होते. त्याच वर्षी 'युवा हमी' आली. चार महिन्यांत नोकरी, शिक्षण किंवा प्रशिक्षण देऊ, असे तिचे वचन. नाव हमीचे, पण कायद्याच्या भाषेत तीही शिफारसच.

सर्वात मोठा घाव रोमा समाजावर बसतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आजच्या रोमानियाच्या भूमीत गुलाम म्हणून विकला गेलेला हा समाज आजही गावाबाहेरच्या वस्त्यांत आहे. २०३० पर्यंत ७८ टक्के लोकांना रोजगार, हे संघाचे उद्दिष्ट. पण ही सरासरी आहे. रोमा वस्तीला हात न लावताही ती गाठता येते. २०२१ मध्ये रोमांच्या समतेसाठी संघाने काय केले? आणखी एक शिफारस.

इच्छा असेल तर कायदा होतो. एका देशातून दुसऱ्या देशात कामावर पाठवलेल्या कामगाराला तिथल्या कामगाराइतकेच वेतन मिळावे, हा बंधनकारक नियम २०१८ मध्ये झालाच ना?

आम्हाला हा खेळ ओळखीचा आहे. आपल्या संविधानात कामाचा हक्क कलम ४१ मध्ये आहे, पण कलम ३७ मुळे तो न्यायालयात मागता येत नाही. म्हणून युरोपचे गोडवे गाणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे: ज्या हक्कासाठी बेकार माणूस सरकारला कोर्टात खेचू शकत नाही, त्याला हक्क म्हणू नका.