आधी तिचा होकार विचारा

मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री यांस,


माहिती तंत्रज्ञान कायद्यातली दोन कलमं आपण शेजारी ठेवून वाचावीत, एवढ्यासाठी हे पत्र. कलम 66ई : एखाद्याच्या गुप्तांगांचं चित्र संमतीविना टिपलं किंवा पसरवलं, तर जास्तीत जास्त 3 वर्षं कैद. कलम 67ए : लैंगिक कृत्य उघड दाखवणारा मजकूर प्रसारित केला, तर पहिल्याच गुन्ह्याला 5 वर्षांपर्यंत. या दुसऱ्या कलमात संमतीचा उल्लेखही नाही. म्हणजे बाईशी केलेल्या विश्वासघातापेक्षा चित्रणाचा उघडेपणा कायद्याला जास्त खुपतो.

याची झळ पोलीस ठाण्यात लागते. जुन्या मित्राने व्हिडिओ पसरवला म्हणून मुलगी तक्रार द्यायला जाते, मोबाइल टेबलावर पालथा ठेवते. पहिला प्रश्न येतो, ‘काढू दिलाच कशाला?’ त्यातून तो व्हिडिओ तिनेच त्याला पाठवलेला असला, तर 67एची शब्दरचना तिलाही आरोपी करू शकते. भारतीय न्याय संहितेचं कलम 77 निदान एवढं मानतं, की चित्रणाला दिलेला होकार हा प्रसाराला दिलेला होकार नव्हे. आपल्या कायद्यातलं 67ए तिथवरही पोचलेलं नाही.

संमतीऐवजी अश्लीलतेची कसोटी लावल्याने महाराष्ट्रात काय झालं, ते नोंदलेलं आहे. वाचकांच्या लैंगिक शंकांना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून सरळ उत्तरं दिली, म्हणून 1934 साली र. धों. कर्व्यांवर खटला चालला. वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर, तरी 200 रुपये दंड झालाच. ‘रंभा’च्या 1962च्या दिवाळी अंकातल्या ‘श्यामा’ कथेपायी लेखक चंद्रकांत काकोडकरांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. सुटले 1969 साली. वाचकाचं मन बिघडेल का, यावर हे खटले उभे होते. कुणा माणसावर अन्याय झाला, म्हणून नव्हे. जुलै 2015मध्ये सरकारने पोर्नोग्राफीची 857 संकेतस्थळं बंद करायला सांगितली, तेव्हाही कारण सभ्यता आणि नीतिमत्ता हेच होतं. काही दिवसांतच तो आदेश सैल करावा लागला.

दुसऱ्याला इजा होत नाही तोवर राज्यसंस्थेने हात घालू नये, हे तत्त्वज्ञ मिलचं म्हणणं मला मान्य आहे. पण तेवढ्यावर भागत नाही. माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये, असं तत्त्वज्ञ कांट बजावतो. आणि अमेरिकी कायदेतज्ज्ञ कॅथरिन मॅकिनन यांचा आक्षेप तर मला स्वस्थ बसू देत नाही : गरिबी, कर्ज, धाक यांच्या ओझ्याखाली दिलेल्या होकाराला होकार म्हणायचं का? लेखिका आंद्रेया ड्वॉर्किनसह त्यांनी 1983 साली अमेरिकेतल्या मिनीआपोलिस शहरासाठी कायद्याचा मसुदा लिहिला. पोर्नोग्राफीमुळे नुकसान झालेल्या स्त्रीला स्वतः भरपाईचा दावा लावता यावा, हा त्याचा गाभा. महापौरांनी तो नाकारला. तशाच धर्तीचा इंडियानापोलिसचा कायदा न्यायालयात टिकला नाही. त्यांची पोर्नोग्राफीची व्याख्या फार सैल होती, त्यात चांगलं साहित्यही सापडलं असतं, हे मला पटतं. पण दावा बाईच्या हाती देण्याची कल्पना टाकाऊ ठरत नाही.

मुलांच्या बाबतीत या चर्चेला जागाच नाही. मुलांच्या लैंगिक चित्रणाबद्दलचं कलम 67बी कडकपणेच राबवावं. सज्ञानांसाठी मात्र 66ईची शिक्षा वाढवा आणि त्यांची आपसातली, राजीखुशीची देवाणघेवाण 67एमधून वगळा. तक्रारदार बाईवर तिच्याच चित्रफितीवरून गुन्हा नोंदवता येणार नाही, हे कलमातच लिहा. तिला भरपाई मागता येऊ द्या. आणि होकार होता हे सिद्ध करण्याचं ओझं चित्रफीत दाखवणाऱ्या संकेतस्थळावर टाका, तिच्यावर नको.

कळावे,
एक नागरिक