हप्ता महिन्याचा, कमाई सुगीची

सरकारास कारागिरांचा मोठा पुळका आला आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीहून 'पी. एम. विश्वकर्मा' योजना निघाली. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, शिंपी, गवंडी अशा १८ धंद्यांस थोड्या दिवसांचे शिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठी १५,००० रुपये, आणि दरसाल दर शेकडा ५ व्याजाने पहिले १ लाखाचे कर्ज. (त्या यादीत होड्या बांधणारा व मासळीची जाळी विणणारा आहे, पण आमचा तेली नाही. असो.) योजना वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. शेकडा ५ने पैसा आमच्या वाडवडिलांस कोणत्या सावकाराने दिला होता? पण ज्यांनी ती आखली त्यांनी कारागिराचा पैसा कोठून व कधी येतो हे एकदा तरी पाहिले होते काय, असा आमचा रोकडा सवाल आहे.

परभणीहून जिंतूरकडे जाताना झरी लागते. तेथील एखाद्या सुताराने हे कर्ज काढले असे धरून चला. १ लाख रुपये १८ महिन्यांत फेडावयाचे, म्हणजे महिन्याचा हप्ता सुमारे ५,७८० रुपये. आता त्याचे गिऱ्हाईक कोण? शेतकरी. पेरणीच्या तोंडावर तिफण, वखर, दांडे, दुरुस्ती यांचे काम अंगावर पडते, पण पैसे विचारले तर उत्तर ठरलेले: "सोयाबीन निघू द्या, देतो." त्या वेळी शेतकरी स्वतःच बियाण्याकरिता उसनवारी करीत असतो, त्याला तरी काय बोलावे? सोयाबीन येते दसरा-दिवाळीला, कापूस त्याच्याही मागून. म्हणजे काम आषाढात, दाम कार्तिकात, आणि हप्ता मात्र दर महिन्याला. मधले हप्ते कोण भरणार? सुतार गावातल्या दुसऱ्या कोणाकडून शेकडा तीन-चार महिना दराने पैसे काढून सरकारचे शेकडा ५चे कर्ज फेडीत बसेल!

बलुते पद्धतीत लाख दोष होते. ती माणसास जातीच्या दाव्याला बांधून ठेवी. ती मोडली हे फार चांगले झाले. पण बलुते खळ्यावर मिळे, एवढे शहाणपण तीत होते. सरकारास सुगी ठाऊक नाही असेही नाही. शेतकऱ्यास पीककर्ज देताना त्याची मुदत पिकावर बांधतात. ज्याचे पोट त्याच पिकावर आहे त्या लोहारा-सुतारास मात्र नोकरदाराप्रमाणे पहिल्या तारखेचा पगार येतो असे समजून हप्ता लावतात.

आता हे कर्ज तरी मिळते कोणास? अर्ज ग्रामपंचायतीने तपासावयाचा, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीने, मग आणखी वरच्या समितीने. इतक्या चाळण्यांतून उतरलेला मनुष्य बँकेच्या दारात उभा राहिला की जामीन आणा, सातबारा आणा, सिबिल पाहू. वास्तविक लहान उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जास तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा दंडक २०१० पासून आहे. घरातले पीककर्ज दुष्काळात थकले असेल तर सिबिलही गेले. २०२५ साली या योजनेत ३० लाख कारागिरांची नोंद झाली होती. कर्ज मिळालेले त्यांच्या चौथ्या हिश्शालाही भरत नव्हते.

मुद्रा योजनेचा डंका याहून मोठा. २०१५ ते २०२५ या दहा वर्षांत ५२ कोटी कर्जे, ३२ लाख कोटींहून अधिक रक्कम! भागाकार करा: कर्जामागे साधारण ६२-६३ हजार. आणि त्या आकड्यांत बायकांचे गट करून शेकडा वीसच्या वर व्याज घेणाऱ्या खासगी कंपन्यांची कर्जेही मोजलेली आहेत. त्यांचा वसुलीवाला दारात येऊन बसतो, तो सरकारचा मनुष्य समजावयाचा की सावकाराचा?

"गरीब लोक बुडवतात," असे बँकेचे साहेब सांगतात. २०१४-१५ ते २०२३-२४ या काळात बँकांनी १६ लाख कोटींहून अधिक बुडीत कर्जे वहीतून काढून टाकली, त्यांतली निम्म्याहून अधिक मोठ्या उद्योगांची व सेवांची. वहीतून काढणे म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच असते, असे ते सांगतील. बरे, तसे असो. मग झरीच्या लोहाराचे दोन हप्ते चुकले तर त्यालाही हीच भाषा लावाल काय?

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांस कोल्हापुरात चहाचे दुकान काढण्यास मदत केली आणि पैसे देऊन हात झटकले नाहीत. अस्पृश्याच्या हातचा चहा कोणी पिईना, तेव्हा स्वतः जाऊन प्याले. आजचे सरकार स्वतःच मोठे गिऱ्हाईक आहे. झरीच्या शाळेचे बाक, अंगणवाडीच्या खुर्च्या, दवाखान्याचे पडदे, पंचायतीच्या खिडक्या कोण करतो? हत्यारांस १५,००० द्यावयाचे आणि काम शहरातल्या ठेकेदारास, हा कोठला न्याय?

म्हणून झरीच्या व आसपासच्या कारागिरांस आमचे सांगणे आहे की, येत्या ग्रामसभेत अर्जाची पावती व बँकेने दिलेले उत्तर घेऊन या. उत्तर तोंडी असेल तर लेखी मागा. विश्वकर्मा योजनेच्या जिल्हा समितीचे अध्यक्ष परभणीचे जिल्हाधिकारी आहेत; त्यांच्या नावे ठराव करा, की हप्ते दिवाळी व संक्रांत अशा दोन सुगीच्या वेळी बांधावेत, आणि गावातील सरकारी खरेदीची यादी दरसाल पंचायतीच्या फळ्यावर लावावी. शेतकरी बांधवांनीही त्या ठरावास हात वर करावा. सुताराचे पैसे शेवटी त्यांच्याच खळ्यावरून यावयाचे आहेत.