भाताच्या देशात गहू लपतो कुठे? ग्लूटेन टाळणाऱ्या कोल्हापूरकराने जपानला जाताना काय खायचं?

कोल्हापूरहून परदेशी सहलीला निघालेल्या ग्रुपच्या बॅगा उघडल्या की आत काय निघणार हे वेगळं सांगायला नको. भडंग, शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाल्याची डबी, आणि प्रवासाच्या पहिल्या दिवसासाठी चपात्यांचा गठ्ठा. ग्रुपमध्ये एखाद्याला सिलियाक आजार असेल तर मात्र हा गठ्ठा त्याच्या उपयोगाचा नाही. आणि गंमत म्हणजे त्या डबीतल्या मसाल्याचीही खात्री देता येत नाही.

सध्या हा विषय चर्चेत येण्याचं कारण जपान आहे. 2024 मध्ये तिथे सुमारे 3 कोटी 68 लाख परदेशी पाहुणे गेले. भारतीयांचा आकडा 2 लाख 33 हजारांच्या आसपास होता. येन स्वस्त झाला, इन्स्टावर साकुराचे रील्स फिरले आणि युरोपसोबत जपानही सहलींच्या यादीत आला. ‘तिथे तर सगळे भातच खातात, मग गव्हाचा त्रास असलेल्याला काय अडचण?’ असा सोपा हिशोब अनेक जण करतात. हा हिशोब चुकतो.

आधी आजाराबद्दल. गहू, जव (बार्ली) आणि राय या धान्यांतल्या प्रथिनाला ग्लूटेन म्हणतात. सिलियाकमध्ये ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. ही नुसती अॅलर्जी नव्हे आणि डाएटचं फॅड तर नव्हेच. यावर औषध नाही, आयुष्यभर ग्लूटेन बंद हाच उपचार. गव्हाशी याचा संबंध आहे हे विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ओळखलं. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये ब्रेड मिळेनासा झाला. लोक उपाशी होते, पण सिलियाकची मुलं मात्र सुधारली होती.

आपल्याकडे हा उत्तरेतला आजार समजला जातो आणि त्याला आधारही आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात उत्तर भारतात त्याचं प्रमाण 1.23 टक्के आढळलं, तर दक्षिणेत 0.10 टक्के. आजाराला पूरक जनुकं दोन्हीकडे होती, मोठा फरक होता तो ताटातल्या गव्हाचा. आता कोल्हापूरकडे पाहा. इथलं जुनं रोजचं जेवण म्हणजे भात आणि ज्वारीची भाकरी, गहू यायचा तो पुरणपोळीला. आज डब्यात रोज चपाती, नाश्त्याला बेकरीचा माल आणि मिसळीसोबत स्लाइस ब्रेड. ताट बदललं, पण ‘हा आपल्याकडचा आजार नाही’ ही समजूत तशीच राहिली. त्यामुळे निदानाला उशीर होतो.

मग जपानमध्ये अडचण कुठे येते?

उत्तर एका शब्दात सांगायचं तर शोयु, म्हणजे जपानी सोया सॉस. तो नुसत्या सोयाबीनचा नसतो. नेहमीच्या शोयुमध्ये सोयाबीन आणि गहू जवळपास निम्मे-निम्मे असतात. आणि आपल्याकडे जसं मीठ, तसा तिथे शोयु. भाजीच्या रश्श्यात, माशाच्या मुरवणीत, तांदळाच्या कुरकुरीत सेनबेईवर, मिताराशी दांगोच्या गोड पाकातसुद्धा. वरवर पाहिलं तर पदार्थ तांदळाचा असतो, आणि फसगत होते ती तिथेच.

सोबा नूडल्सचंही तसंच. सोबा म्हणजे कुट्टू, त्यात ग्लूटेन नाही. पण बहुतेक दुकानांत मिळणाऱ्या सोबामध्ये चिवटपणासाठी गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. निव्वळ कुट्टूचा ‘जुवारी सोबा’ शोधून काढला तरी तो बऱ्याचदा उदोनच्याच पाण्यात उकळतात, आणि उदोन म्हणजे शुद्ध गहू. टेम्पुराचं आवरण, कात्सुचा चुरा, जपानी करी घट्ट करणारं मिश्रण, सगळीकडे गहू. मिसो तांदळाचा असेल तर चालू शकतो, ‘मुगी मिसो’ मात्र जवाचा. आणि उन्हाळ्यात अनेक ठिकाणी पाण्याऐवजी थंडगार मुगीचा समोर येतो, तोही जवाचाच चहा.

शाकाहारी मराठी माणसाची कोंडी आणखी मोठी. बौद्ध मठांतलं ‘शोजिन र्‍योरी’ हे शाकाहारी जेवण अनेकांना सुचवलं जातं. त्यात मांस-मासे नसतात हे खरं, पण शोयु असतो. शिवाय ‘फु’ नावाचा पदार्थही, आणि फु म्हणजे चक्क गव्हाचं ग्लूटेन. मांसाहारी माणसाचं त्यामानाने बरं चालतं. साशिमी, मीठ लावून भाजलेला मासा, ‘शिओ’ म्हणजे फक्त मिठाची याकितोरी, साधा वाफवलेला भात, आणि सोबत स्वतःची ग्लूटेनमुक्त तामारीची बाटली. तामारी हा सोयाबीनचाच सॉस, पण त्यातही काही ब्रँड थोडा गहू घालतात, म्हणून लेबल वाचावंच लागतं.

लेबलचा कायदाही समजून घ्यायला हवा. जपानमध्ये पाकीटबंद पदार्थावर गहू, म्हणजे ‘कोमुगी’, असल्याची नोंद सक्तीची आहे. जवाची नाही. आणि हा नियम हॉटेलातल्या ताटाला लागू नाही. सिलियाक तिथे फारच दुर्मिळ, त्यामुळे वेटरला आजाराचं नाव सांगून उपयोग नाही. ‘गहू, जव आणि गहू असलेला सोया सॉस चालत नाही, तोच तवा आणि तेच तेलही नको’ असं जपानीत लिहिलेलं कार्ड दाखवलं तर बात बनते.

याउलट इटली बघा. पिझ्झा-पास्त्याचा देश, पण सिलियाक रुग्णाला तो जपानपेक्षा सोपा जातो. तिथे 2005 पासून या आजारासाठी स्वतंत्र कायदा आहे आणि रुग्णांना ग्लूटेनमुक्त अन्नासाठी सरकारी मदत मिळते. ‘सेन्झा ग्लुतिने’ म्हटलं की स्वयंपाकघराला पुढचं समजतं. शिवाय युरोपीय संघात हॉटेलांनाही ग्लूटेनची माहिती द्यावी लागते. म्हणजे देश कोणतं धान्य खातो यापेक्षा तिथे आजाराची ओळख किती, यावर प्रवाशाचं पोट जास्त अवलंबून असतं.

‘थोडंसं खाल्लं तर काय होतंय?’ हा घरच्यांचा आवडता प्रश्न. भारतात आणि बहुतेक देशांत एक किलोत 20 मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन असेल तरच पदार्थाला ग्लूटेनमुक्त म्हणता येतं. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये ते दोन ग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे त्या एका स्लाइसमधलं ग्लूटेन शंभर किलो ग्लूटेनमुक्त अन्नाची मर्यादा गाठतं.

बॅगेत काय न्यायचं?

सोलापूरची कडक भाकरी, भडंग, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की. मात्र भाकरीचं पीठ गव्हाच्याच गिरणीत दळलेलं नको. एका दळणाचा गहू पुढच्या ज्वारीत उतरतोच, त्यामुळे घरघंटी किंवा ग्लूटेनमुक्त छापलेलं पीठच बरं. दुसरा छुपा शत्रू हिंग. बाजारातल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा मैदा असतो, आणि तो मसाल्यात, भडंगात, चिवड्यात आपसूक जातो. याच कारणाने परदेशातलं ‘इंडियन डिनर’ही आपोआप सुरक्षित होत नाही. सांबारात हिंग असतो आणि पापड त्याच तेलात तळलेला असतो ज्यात समोसा तळला. मांस, ताजी फळं आणि कच्चं धान्य नेण्यावर जपानमध्ये कडक नियम आहेत, ते आधी तपासावेत.

विमानात ‘जीएफएमएल’ या कोडचं जेवण आधीच नोंदवावं लागतं. जैन जेवण मागून काम भागत नाही, त्यात चपाती येतेच. आणि ज्यांना नुसती शंका आहे त्यांनी सहलीच्या तोंडावर स्वतःहून गहू बंद करू नये. टीटीजी ही रक्ततपासणी गहू खाणं चालू असतानाच करावी लागते, नाहीतर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.