कोणत्या मिगला कोणता रंग?

वडोदऱ्याच्या एका वाचकाने गेल्या महिन्यात या सदरासाठी एक चित्र पाठवलं. आभाळात एका अंगावर झुकलेलं मिग-२१, चंदेरी अंगावर गडद हिरवे पट्टे, पंखावर आपलं तिरंगी वर्तुळ, नाकाजवळ इंग्रजी ‘सी’ने सुरू होणारा क्रमांक. खाली एवढंच लिहिलेलं: ‘१९७१. रंग मी दिलाय.’ विमान अर्थातच कॉम्प्युटरमधलं. पण पट्टे हाताने काढलेले, कडा थोड्या वेड्यावाकड्या, शेपटीच्या टोकाला उष्णतेने आलेली तांबूस झाक. मन लावून केलेलं काम होतं.

अडचण एकच होती. चित्रातलं विमान १९७१ साली भारतात नव्हतं.

हे काय गौडबंगाल आहे, ते आज सांगायचं आहे. कारण हा छंद आता अनेक घरांत पोचलाय, आणि घरातल्या मोठ्यांना मुलगा किंवा मुलगी रात्री अकरापर्यंत विमानाच्या शेपटीवर नेमकं काय रंगवत बसते, याचा पत्ता नसतो.

फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे विमान उडवण्याचा सराव देणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम. जुन्या लढाऊ जेटचा नाद असणारे बहुतेक जण ‘डीसीएस वर्ल्ड’ वापरतात. मूळ प्रोग्रॅम फुकट मिळतो, मिग-२१ वेगळं विकत घ्यावं लागतं. कॉकपिटमधलं जवळजवळ प्रत्येक बटण चालतं, इंजिन सुरू करायलाच नवशिक्याचा अर्धा तास जातो. फोनवर हे चालत नाही, विंडोजचा दमदार कॉम्प्युटर लागतो. आणि ‘लिव्हरी’ म्हणजे विमानाच्या अंगावरचा सगळा साज: रंग, पट्टे, देशाची खूण, स्क्वॉड्रनचं चिन्ह, क्रमांक. विमानाबरोबर काही लिव्हऱ्या आयत्या मिळतात. पण ज्याला आपल्या मनातलं विमान हवं असतं, तो स्वतः रंगवायला बसतो.

आपल्याकडे या मंडळींचं पहिलं प्रेम मिग-२१, यात नवल नाही. १९६३ मध्ये चंडीगडला ही विमानं हवाई दलात आली आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडलाच त्यांना निरोप दिला गेला. बासष्ट वर्षं! नाशिकजवळच्या ओझरच्या एचएएल कारखान्यात ६००हून अधिक मिग-२१ तयार झाली. त्यांची इंजिनं ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला बनत. म्हणजे या एका विमानावर तीन राज्यांतल्या हजारो घरांच्या चुली पेटल्या. आता ते हवाई दलात कुठेच उडत नाही. संग्रहालयात उभं असतं, चौकात खांबावर चढवलेलं असतं. उडताना दिसतं ते जुन्या चित्रफितींत आणि या मुलांच्या पडद्यावर. पुढच्या पिढीला मिग कसं दिसायचं, हे बऱ्याच अंशी ही मुलं ठरवणार आहेत. म्हणून वडोदऱ्याच्या चित्राबद्दल एवढं बोलायचं.

‘मिग-२१’ हे एकाच विमानाचं नाव नाही, घराण्याचं नाव आहे. १९७१च्या युद्धात आपल्याकडे होतं ते ‘एफएल’, कारखान्याच्या भाषेत ‘टाइप ७७’. १२ डिसेंबरला कच्छच्या आखातावर पाकिस्तानचं एफ-१०४ पाडलं ते याच एफएलने, आणि १४ डिसेंबरला ढाक्यातल्या गव्हर्नर हाउसवर हल्ला केला तोही याच जातीच्या विमानांनी. सिम्युलेटरमध्ये जे मिळतं ते मात्र ‘बिस’, म्हणजे आपलं ‘टाइप ७५’. ते आपल्याकडे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आलं.

फरक डोळ्यांना दिसतो, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं. एफएलची पाठ सडपातळ, तर बिसच्या पाठीवर कॉकपिटमागून शेपटीपर्यंत जाड उंचवटा. एफएलच्या कॉकपिटचं झाकण पुढच्या बाजूला बिजागरी असलेलं, पुढे उघडणारं. बिसची समोरची काच पक्की बसवलेली आणि मागचं झाकण कुशीवर उघडणारं. एफएलच्या पंखांखाली शस्त्रं टांगायच्या जागा दोन, बिसच्या चार. एफएलच्या पोटात तोफच नव्हती, लागली तर वेगळ्या डब्यात घालून पोटाखाली लटकवायची. बिसच्या पोटात दोन नळ्यांची तोफ कायमची. भरीला तिसरं भावंडं ‘बायसन’: बिसचंच नूतनीकरण करून बनवलेलं, करड्या रंगाचं, समोरची काच अखंड. टीव्हीवर निरोपाच्या वेळी दिसलं ते हे.

म्हणजे पडद्यावरच्या बिसला १९७१चे पट्टे चढवले की पणजोबांच्या लग्नाच्या फोटोत नातवाला फेटा बांधून उभं केल्यासारखं होतं. फेटा खरा, माणूस दुसराच.

मग असं करूच नये का? खुशाल करावं. कल्पनेला बंदी नाही. फक्त नाव देताना ‘काल्पनिक’ हा शब्द घालावा. कारण ही फाइल एकदा इतरांना वाटली की ती हजारो जणांच्या कॉम्प्युटरवर जाते, तिची चित्रं निघतात, ती चित्रं कुणाच्या तरी शाळेच्या प्रकल्पात चिकटवली जातात आणि दहा वर्षांनी तीच ‘पुरावा’ म्हणून समोर येतात.

१९७१च्या रंगांची हकिकत तशीही इतकी सुरस आहे की ती बिघडवणं जिवावर यावं. एफएल विमानं आली तेव्हा उघड्या धातूची होती, उन्हात चकाकणारी. शांततेच्या काळात ते शोभतं, पण युद्धात धावपट्टीवर उभं असलेलं चकाकतं विमान वरून येणाऱ्या शत्रूला कोसभरावरून दिसतं. त्यामुळे युद्धाच्या तोंडावर स्क्वॉड्रननी आपापल्या तळावर, हाताशी असतील त्या रंगांनी ती रंगवून टाकली. सगळ्यांसाठी एक ठरीव नमुना नव्हता. कुठे हिरव्या-तपकिरी रंगाचे मोठे ठिपके, कुठे वाघाच्या अंगासारखे पट्टे. एकाच जातीची विमानं, पण तळागणिक रूप वेगळं. तेव्हा ‘१९७१चा मिगचा रंग कोणता’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणती स्क्वॉड्रन, कोणता क्रमांक, कोणता महिना, हे आधी विचारायचं.

आता प्रत्यक्ष काम. शिंपी कापड बेतून तुकडे टेबलावर पसरतो, तसं विमानाचं कातडं सपाट चित्रावर पसरलेलं असतं: इथे पंख, तिथे अर्धं पोट, कोपऱ्यात शेपटी. या चित्रांना टेक्श्चर म्हणतात. ती ‘गिम्प’सारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडतात. कोणता तुकडा कुठे जोडला जातो हे समजेपर्यंत दोन दिवस जातात. पट्टा पंखावर सुरू होतो आणि अंगावर आल्यावर चार बोटं खाली सरकलेला दिसतो. सोपा उपाय म्हणजे आधी सगळीकडे आकडे घातलेल्या चौकटी रंगवायच्या, विमान पडद्यावर फिरवून बघायचं आणि कोणती चौकट कुणाच्या शेजारी येते ते वहीत मांडायचं. कंटाळवाणं आहे, पण पुढचे आठ दिवस वाचतात.

प्रत्येक गोष्ट वेगळ्या थरावर ठेवावी. तळाला मूळ रंग, त्यावर पट्टे, त्यावर खुणा आणि क्रमांक, सगळ्यात वर धूळ, तेलाचे ओघळ, काजळी. क्रमांकासाठी कॉम्प्युटरमधला तयार टाइप वापरू नका. फोटोत बघून अक्षर काढा, सातचा पाय किती तिरका आहे तेही बघा. आपल्या वर्तुळात केशरी बाहेर आणि हिरवा मध्यभागी असतो. घाईत हे उलटं झालेलं मी पाहिलंय. आणि डाव्या बाजूचं चित्र आरशात उलटं करून उजवीकडे चिकटवू नका. दोन्ही बाजूंचे फोटो मिळवा, कारण हाताने रंगवलेल्या विमानाच्या दोन कुशी सारख्या नसतात.

चंदेरी विमान सगळ्यात अवघड. करडा रंग भरला की ते भिंतीच्या डिस्टेंपरसारखं दिसतं. धातूची चमक वेगळ्या टेक्श्चरमध्ये असते. त्यातला हिरवा भाग खरखरीतपणा सांगतो आणि निळा भाग धातू किती ते. निळा उजळ आणि हिरवा मंद ठेवला की पत्रा चमकतो. पण सगळा पत्रा सारखा चमकला तर विमान स्टीलच्या डब्यासारखं दिसेल. खऱ्या विमानाचा प्रत्येक पत्रा थोडा वेगळा असतो. एक नवा बदललेला, एक हात लागून लागून मळलेला, इंजिनाजवळचे तापून काळवंडलेले. आणि नाकातला तो सुळका धातूचा करू नका. त्याच्या आत रडार असतं, धातूमधून रडारच्या लहरी जात नाहीत, म्हणून तो वेगळ्याच पदार्थाचा असतो.

रंग जुळवताना जुन्या फोटोंवर आंधळा विश्वास नको. पन्नास वर्षांपूर्वीचे छापील रंग विटतात, हिरवा तपकिरी होतो. संग्रहालयातली विमानं प्रदर्शनासाठी पुन्हा रंगवलेली असू शकतात, म्हणून दिल्लीचं पालमचं संग्रहालय किंवा चंडीगडचं हवाई दलाचं वारसा केंद्र आकार आणि बारकावे बघायला उत्तम, रंगाच्या छटेसाठी नव्हे. आपला फोन इथे कामी येतो: चाकांची कोनाडी, झाकणांचे स्क्रू, पंखाची मागची कड, जे पुस्तकात मिळत नाही ते टिपा. चालू हवाई तळाच्या कुंपणाशी मात्र फोन बाहेर काढू नका. तिथे फोटोला मनाई असते, आणि छंदापायी चौकशीला सामोरं जाण्यात काही गंमत नाही.

सगळ्यात चांगला स्रोत कदाचित तुमच्याच सोसायटीत राहतो. ओझर, कोरापुट, हैदराबाद इथे नोकरी केलेले, हवाई दलात जमिनीवर विमानांची देखभाल केलेले काका-आजोबा आता ठिकठिकाणी निवृत्त आयुष्य जगताहेत. त्यांना ‘मिगबद्दल सांगा’ म्हटलं तर ते हसून विषय बदलतील. पण तुमचं अर्धवट रंगवलेलं विमान पडद्यावर फिरवून दाखवा आणि विचारा, ‘काका, तेलाचा ओघळ इथून येतो की तिथून?’ मग बघा. ज्याने ते विमान रोज फडक्याने पुसलंय, त्याला ओघळ कुठून येतो ते पुस्तक लिहिणाऱ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. फक्त अपघातांचा विषय त्यांनी काढला तरच. या विमानाने अनेक तरुण वैमानिक नेले आणि तो सल अजून ताजा आहे.

त्यावरूनच एक गोष्ट, जिच्याबद्दल माझं मत पक्कं आहे. कॉकपिटखाली वैमानिकाचं नाव लिहिण्याची हौस अनेकांना असते, आणि शहीद झालेल्या वैमानिकाचं नाव लिहिणं म्हणजे मानवंदना, असं वाटतं. भावना चांगली आहे. पण हे विमान खेळात रोज पडणार, पेटणार, कुणीतरी त्याचा व्हिडिओ हसत हसत टाकणार. त्या नावाचं घर कुठेतरी आहे, तिथे आई आहे, मुलं आहेत, आणि त्यांच्या फोनवरही तो व्हिडिओ जाऊ शकतो. नाव लिहायचं असेल तर स्वतःचं लिहा किंवा जागा रिकामी सोडा. क्रमांकाचंही तसंच. जे विमान आज संग्रहालयात शाबूत उभं आहे त्याचा क्रमांक निःशंक घ्या. जे कुणाला घेऊन कोसळलं, त्याचा सोडून द्या. अचूकतेच्या नावाखाली वाद घालणारे भेटतील. त्यांना घालू द्या.

काम झालं की तांत्रिक बाजू थोडक्यात. टेक्श्चर ‘डीडीएस’ प्रकारात साठवा. ४०९६ बाय ४०९६ ठिपक्यांचं एक चित्र न दाबता ६४ एमबी होतं, नेहमीच्या पद्धतीने दाबून १६ एमबी. अशी अनेक चित्रं असतात, त्यामुळे हा फरक साध्या कॉम्प्युटरला फार जाणवतो. ‘सेव्ह्ड गेम्स’मधल्या डीसीएसच्या फोल्डरात ‘लिव्हरीज’, त्यात विमानाच्या नावाचं फोल्डर, त्यात तुमचं. सोबत ‘डिस्क्रिप्शन’ नावाची छोटी फाइल, जिच्यात कोणता तुकडा कोणत्या चित्रातून घ्यायचा हे लिहिलेलं असतं. तिच्यात एक स्वल्पविराम चुकला तरी विमान रंगाशिवाय दिसतं. घाबरू नका, ओळीओळीने तपासा. मग सकाळ, भर दुपार आणि संध्याकाळ अशा तिन्ही उजेडांत उडवून बघा. दुपारी छान दिसणारा हिरवा संध्याकाळी काळा पडतो.

आणि इतरांना देण्याआधी फोल्डरात एक साधी मजकुराची फाइल ठेवा. वडोदऱ्याच्या वाचकालाही मी हेच कळवलं. त्यात विमान कोणतं, साल कोणतं, रंग कशावरून घेतला, दुसऱ्या कुणाच्या कामातून काही उचललं असेल तर परवानगी घेऊन त्याचं नाव, आणि अंदाज कुठे केलाय ते लिहावं. लांबलचक नको. ‘आकार बिसचा, रंग १९७१च्या एफएलचा, म्हणून काल्पनिक. डाव्या कुशीचे पट्टे जुन्या फोटोवरून. उजव्या कुशीचा फोटो मिळाला नाही, तिथले पट्टे माझ्या मनाचे. कुणाकडे असेल तर पाठवा, बदलतो.’