दगड जागीच वाचावा

बाघची लेणी पाहावयास जाणाऱ्यांचे डोळे भिंतींवरील चित्रे शोधीत असतात. ती लेणी ज्या खडकात कोरली, त्या खडकाकडे क्वचितच कोणी पाहतो. आमच्या मते तो खडकही एक ग्रंथच आहे, आणि तो वाचण्याची सवय विद्यार्थिदशेतच लागली पाहिजे.

आमचे इंदूर काळ्या पाषाणावर वसलेले आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेला लाव्हारस थिजून तो बनला. परंतु धार जिल्ह्यात बाघच्या परिसरात याहूनही जुने, गाळाचे खडक उघडे पडले आहेत. खाली वालुकाश्म, वर चुनखडक. वालुकाश्मात जागोजागी तिरपे थर दिसतात. प्रवाह वाळू ढकलीत नेतो. ढिगाच्या माथ्यावरून ती पुढील उतारावर घसरते आणि थरावर थर साचतो. म्हणून थर ज्या दिशेस उतरतात, त्या दिशेस पाणी वाहत होते असे समजावे. वरच्या चुनखडकात शिंपले व शार्क माशांचे दात सापडतात. यावरून सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी येथे पश्चिमेकडून समुद्र शिरला होता, हे कळते.

असा एखादा दगड फोडून शाळेच्या संग्रहालयासाठी आणावा, त्याने जिज्ञासा वाढेल, असे कित्येकांस वाटते. हेतू चांगला आहे. पण दगड जागेवरून हलला की त्याची वरची बाजू कोणती आणि उत्तर कोणीकडे, हे कोण सांगणार? मग तिरप्या थरांची साक्ष मुकी होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात धार जिल्ह्यातील डायनोसॉरांची ९२ घरटी व २५६ अंडी नोंदली गेली. ती जागच्या जागी होती, म्हणूनच हे प्राणी जवळजवळ घरटी करीत, हे समजले. तेथील एकेक अंडे कोणी उचलून नेले असते, तर घरोघरी नुसते वाटोळे दगड उरले असते!

यास्तव सहलीस निघताना हातोडी घरी ठेवावी. होकायंत्र, वही व पेन्सिल न्यावी. थरांचे चित्र काढावे, दिशा टिपावी आणि दगड तेथेच राहू द्यावा. आपल्यामागून येणाऱ्यांनाही तो वाचावयाचा आहे.