स्टिक किती औंसची, राव?

तर मंडळी, या आठवड्याचा विषय माझ्या कपाटामागे उभा आहे. २१ औंसची, खास ऑर्डर देऊन बनवून घेतलेली पूल स्टिक. तीन वर्षांपूर्वी दोन कव्हर स्टोऱ्यांचं मानधन एकदम हातात आलं होतं, खिसा गरम होता आणि ऑर्डर फॉर्मवर 'वजन' या रकान्यात मी बिनधास्त २१ लिहून टाकलं. का? तर जड म्हणजे दमदार! त्याखालचा 'बॅलन्स पॉइंट' हा रकाना चक्क कोरा सोडला. स्टिक आली, दिसायला एकदम झक्कास. पण दोन गेम झाले की कोपर भरून यायचं, आणि हळुवार मारायचा प्रत्येक शॉट हातभर पुढे पळायचा. बनवणाऱ्याला काय बोलणार? मी मागितलं तेच त्यानं दिलं होतं.

हे सगळं पुन्हा उकरून निघालं ते नगरच्या मित्रामुळे. (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, पण एसटीत बसताना आमच्या तोंडून अजून 'नगर'च येतं.) हा एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. उंची सहा फूट, आणि सेकंड शिफ्ट नसली की रात्री मुक्काम सावेडीतल्या पूल पार्लरमध्ये. दिवाळीचा बोनस झाला आणि याचा फोन, "अरे, स्टिक बनवून घेतोय. १९ टाकू की २०?" म्हटलं, थांब. पैसे पाठवू नकोस. शनिवारी येतो.

आता थोडा फंडा. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पूल स्टिक १८ ते २१ औंसच्या असतात, म्हणजे साधारण ५१० ते ५९५ ग्रॅम. जागतिक पूल संघटनेच्या नियमात कमाल मर्यादा २५ औंस आहे, पण तिथवर कोण जातंय! एक औंस म्हणजे जेमतेम २८ ग्रॅम. एवढ्यानं काय फरक पडणार, असं वाटतं ना? क्रिकेटची बॅट घेताना आपण काय करतो आठवा. नुसता काटा बघत नाही, बॅट उचलून बघतो. तेवढ्याच वजनाची एक बॅट हातात हलकी लागते, दुसरी लोढणं वाटते. कारण वजन किती याच्याइतकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं. स्टिकचंही तेच.

शनिवारी दुपारी त्याच्या घरी प्रयोगशाळा उघडली. त्याची जुनी, दोन तुकड्यांची स्टिक घेतली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विनंती करून दोन्ही तुकडे काट्यावर ठेवले (त्यानं आमच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ते सोडा). ५३९ ग्रॅम, म्हणजे बरोब्बर १९ औंस. मग जोडलेली स्टिक एका बोटावर आडवी तोलली. मागच्या टोकापासून १८ इंचांवर ती स्थिर राहिली. हा तिचा बॅलन्स पॉइंट.

मग खरी गंमत. दहा रुपयांची चार नाणी साधारण ३१ ग्रॅम भरतात, एका औंसाहून किंचित जास्त. ती मागच्या टोकाजवळ सेलोटेपनं गुंडाळली. तोल पाऊण-एक इंच मागे सरकला. तीच नाणी काढून मधल्या जॉइंटवर चिकटवली, तर तोल अर्ध्या इंचाहून जास्त पुढे गेला. वजन तेच, पण तोलात दीड इंचाचा फरक! पार्लरमध्ये त्याला न सांगता दोन्ही प्रकार खेळायला दिले. नाणी मागे असताना साहेब म्हणाले, "पुढून उडतेय रे, हलकी आहे." जॉइंटवर असताना म्हणाले, "ही जड आहे, पण लाइनीत जाते." क्वालिटीतला माणूस, काट्यावर दोन्हींचं वजन एकच भरतं हे कळल्यावर जरा खजील झाला.

पुढे तोल असलेल्या स्टिकचं वजन टेबलावर टेकवलेल्या हातावर जास्त येतं, टोक शांत बसतं. मागे तोल असेल तर पुढचं टोक हलकं लागतं, सगळा भार मागच्या मुठीवर. त्यात हात किती लांब, मूठ कुठे, हेही आलंच. बरेच जण बॅलन्स पॉइंटच्या चार-सहा इंच मागे धरतात. आमचा सहा फुटी हिरो पार शेवटाला धरतो. म्हणून त्याच्या हातात तीच स्टिक वेगळी बोलते.

आणखी एक भानगड. आपल्याकडे जुनी परंपरा बिलियर्ड्स-स्नूकरची. १९५८ चे जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते विल्सन जोन्स जन्मले पुण्यातच. त्यामुळे क्लबातले काका लोक सल्ला देतात तो बहुतेक वेळा स्नूकरच्या स्टिकचा. तिची टिप ९-१० मिलिमीटरची, पूलची १२-१३. स्नूकरचे बॉलही लहान आणि हलके. काकांचं ऐका, चहाही पाजा, पण त्यांचा आकडा फॉर्मवर उतरवू नका.

ब्रेकसाठी जडच हवी, हाही एक गोड गैरसमज. पूलचा बॉल असतो १७० ग्रॅमच्या आत-बाहेर. जोर वजनातून येतो तसाच वेगातूनही येतो, आणि जड स्टिकनं तुमचा हातच मंदावला तर कमावलं काय?

ऑर्डर देताना खरी मेख लाकडात असते. मागच्या भागाला एबनी घेतलं तर मेपलपेक्षा वजन वाढतं. जॉइंट स्टीलचा असेल तर तोल पुढे येतो, लाकडाला लाकूड भिडवलं तर मागे राहतो. बऱ्याच स्टिकमध्ये मागच्या रबरी बुचाखाली वजनाचा बोल्ट असतो, तो नंतर बदलता येतो. पण बोल्ट बसतो फक्त मागच्या टोकाला. म्हणजे वजन वाढवलंत की तोल मागे गेलाच. तोल पुढे हवा असेल तर ते आधी सांगावं लागतं, तयार स्टिकवर तो हट्ट चालत नाही. आणि अर्ध्या औंसाचा घोळ मनात असेल तर कमीच मागवा. बोल्टनं भर घालता येते. जास्तीचं वजन लाकडातच असेल तर ते काढणार कुठून?

रविवारी रात्री त्यानं फॉर्म भरला: वजन साडेअठरा औंस, तोल मागून साडेअठरा इंचांवर, स्टीलचा जॉइंट. खाली एक ओळ जादा, 'उंची सहा फूट, शेवटाला धरतो.' बनवणाऱ्याचा लगेच उलटा प्रश्न आला, एबनी हलकं करून चालेल का? म्हणजे समोरचा गडी वाचतो तरी!

नाण्यांचं विचाराल, तर ती पार्लरबाहेरच्या चहावाल्याकडे गेली. सेलोटेपचा चिकटा मात्र त्यानं आम्हालाच पुसायला लावला.